पाय सुटे मिळत नाहीत

या दिवाळी अंकासाठी लेख मागताना संपादकांनी दोन अटी घातल्या. लेख पत्राच्या स्वरूपात नसावा आणि त्यात कोणत्याही कंपनीविरुद्ध तक्रार नसावी. पहिली अट मी विनातक्रार मान्य केली आहे. दुसरी मी माझे सर्व हक्क राखून आणि निषेध नोंदवून मान्य करतो. म्हणजे कंपनीचे नाव लिहिणार नाही. तक्रार मात्र होती, आहे आणि ती रास्त आहे.

हुबळीत देशपांडे नगरमध्ये माझे दुरुस्तीचे दुकान होते. प्रारंभी टंकलेखन यंत्रे, पुढे संगणक आणि दोन हजार सालानंतर हळूहळू लॅपटॉप. दुकानाच्या पाटीवर जे काही लिहिले होते ते कोणी वाचत नसे. गावात माझी ओळख 'नोटीसअण्णा' अशी होती आणि रिक्षावाल्याला तेवढे सांगितले तरी तो बरोबर दारात आणून सोडी. माझ्या पावतीच्या पाठीमागे दुरुस्तीच्या अटी छापलेल्या असत. "अण्णा, ही पावती वाचून घ्यायला आधी वकील लावावा लागतो की हो," असे गिऱ्हाईक म्हणत. मी त्यांना सांगे, की वाचलीत हेच पुष्कळ आहे; वकील तर तेवढेही करत नाहीत.

ज्या विषयासाठी मी आयुष्यातील सर्वाधिक टपाल खर्ची घातले तो विषय म्हणजे लॅपटॉपचे रबरी पाय. आपण आपला लॅपटॉप कधी उलटा करून पाहिला नसेल तर आता पाहावा, तोवर हा लेख थांबतो. खाली चार कोपऱ्यांत चार काळ्या टिकल्या दिसतील, किंवा तीन दिसतील आणि चौथीच्या जागी वाळलेल्या गोंदाचा डाग दिसेल. या टिकल्या शोभेच्या आहेत असा बहुसंख्य जनतेचा समज आहे. वस्तुतः त्या यंत्राला टेबलावर घसरू देत नाहीत, हे त्यांचे लहान काम. मोठे काम असे, की त्या यंत्राला जमिनीपासून किंचित उचलून धरतात. पोटाखालच्या जाळीतून आतला पंखा हवा ओढतो. पाय झिजले की यंत्र पोटावर बसते, जाळी झाकली जाते, आतली उष्णता आतच राहते आणि यंत्र जीव वाचवण्यासाठी स्वतःहून बंद पडते. मालक म्हणतो, व्हायरस आला.

टंकलेखन यंत्राच्या काळात ही समस्या अधिक प्रामाणिक होती. नव्वदच्या दशकात धारवाडच्या कोर्टाबाहेर टंकलेखन करणारे एक गुंडप्पा होते. त्यांचा हात इतका जड, की पाय झिजलेले यंत्र प्रत्येक ओळीगणिक टेबलावरून सरकत जाई. अर्जदाराचे नाव ते टेबलाच्या उजव्या कडेला लिहीत आणि प्रार्थनेच्या कलमाला पोहोचेपर्यंत डाव्या कडेला आलेले असत. खुर्चीही बरोबर सरकवत. मी म्हणालो, "गुंडप्पा, पाय बदलून घ्या." ते म्हणाले, "बिड्री अण्णा, राहू द्या. तेवढाच हात-पाय हलवायचा व्यायाम." पण नवे पाय मागितले असते, तर त्या काळी ते मिळत होते. यंत्र बनवणारे रबरी पाय सुटे विकत असत. एक हवा तर एक, चार हवे तर चार. याला मी सुसंस्कृत व्यापार म्हणतो.

लॅपटॉप आले आणि हा व्यापार संपला. कंपनीच्या अधिकृत केंद्रात जाऊन "एक पाय द्या" म्हटले की उत्तर मिळे, "पाय सुटे मिळत नाहीत. खालचे संपूर्ण कवच घ्यावे लागेल." चपलेचा अंगठा तुटल्यास माणसाने पाय विकत घ्यावा, असा हा न्याय. मी कंपनीला पत्र लिहिले. उत्तर आले नाही. मी स्मरणपत्र लिहिले. त्यावर माझे पत्र 'योग्य विभागाकडे' पाठवल्याचे उत्तर आले. तो विभाग कोणत्या पृथ्वीवर आहे हे मला आजतागायत समजलेले नाही.

माझी पत्नी नलिनी हिने या पत्रव्यवहारात कधी भाग घेतला नाही, फक्त शेरे मारले. "अहो, नुसतं लिहून त्यांना कळायचं नाही. एक झिजलेला पाय पाकिटात घालून पाठवा, निदान वस्तू काय ते तरी बघतील." तिने हे थट्टेने सांगितले, हे मला पाकीट टपालात पडल्यावर कळले. कंपनीने तो पाय साभार परत केला. सोबत चिठ्ठी होती, की सदर भाग झिजलेला असल्याने वॉरंटीत बसत नाही.

सबब पाय मलाच करावे लागले. हा भाग मी सविस्तर लिहितो, कारण हे ज्ञान माझ्याबरोबर जाऊ नये. हवाई चपलेचे रबर वापरू नये. ते मऊ असते, उष्णतेने दबते आणि सागवानी टेबलावर निळे ठिपके सोडते. या ठिपक्यांवरून माझे एका सुप्रतिष्ठित घराशी संबंध बिघडले होते. सायकलची ट्यूब पातळ. कुकरची रिंग गोल असल्यामुळे कापल्यावर पुन्हा गोल होऊ पाहते. उत्तम रबर म्हणजे चपला शिवणाऱ्यांकडे मिळणारे टाचेचे. ते वॉशर कापायच्या पंचाने कापावे, जुना गोंद स्पिरिटने पुसावा, दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावावी आणि वर वजन ठेवून एक दिवस यंत्राला विश्रांती द्यावी. पंक्चरचे सोल्युशन लावणाऱ्याला मी माफ करणार नाही. ते प्लॅस्टिक खाते.

शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत अप्रिय: पाय बदलायचे तर चारही बदलावेत. विद्यानगरच्या एका महाविद्यालयातील तर्कशास्त्राचे प्राध्यापक एक पाय हरवला म्हणून आले. मी चारही बदलू म्हणालो. ते म्हणाले, "तीन शाबूत असताना चार बदलणं हा निष्कर्ष कोणत्या विधानांवरून निघतो?" मी म्हणालो, नवा पाय उंच असेल, जुने झिजलेले आहेत, यंत्र डुगडुगेल. "हा तुमचा धंद्याचा तर्क झाला," ते म्हणाले. मी पावतीवर 'ग्राहकाच्या आग्रहास्तव एकच' असे लिहून सही घेतली. ते पुन्हा आले तेव्हा उरलेल्या तीन पायांखाली त्यांनी टपालाची तिकिटे एकावर एक चिकटवली होती. "अण्णा, तुमच्या एका पायानं माझे तीन पाय आखूड केले हो," ते म्हणाले. मी त्यांची सही दाखवली. त्यांनी ती ओळखली, हे त्यांच्या सचोटीचे लक्षण.

आता ज्या प्रकरणासाठी हा लेख लिहायला मी तयार झालो, ते प्रकरण.

दसरा नुकताच झाला होता. बाजारातील एका कापड दुकानदाराची सून मेधा आपला लॅपटॉप घेऊन आली. हे घराणे मुळात मिरजेकडचे, पण हुबळीच्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले. मेधा बी.कॉम. झालेली होती आणि बाजारातल्या चार-सहा दुकानदारांचे हिशेब घरी बसून लॅपटॉपवर करून देई. सासरे, ज्यांना सारा बाजार अप्पा म्हणे, त्यांना हे पसंत नव्हते. पण त्यांनी मनाईही केली नव्हती. लॅपटॉपला ते 'तो डबा' म्हणत.

"अण्णा, ह्याचे पाय गेलेत बघा," मेधा म्हणाली. "आणि चालू केलं की जरा वेळानं आपोआप बंद व्हायलंय."

"कंपनीच्या केंद्रात दाखवलंत?"

"दाखवलं की. आत काहीतरी ओलं गेलंय, वॉरंटी गेली म्हणाले. आणि पाय सुटे मिळत नाहीत म्हणे."

हे अखेरचे वाक्य माझ्यासमोर उच्चारायला नको होते. मी यंत्र उलटे केले. मागचे दोन पाय नाहीसे झालेले, पुढचे दोन लोंबत होते. माझ्या मनात फिर्याद आपोआप रचली जाऊ लागली: कंपनी पाय देत नाही, पाय नाहीत म्हणून हवा नाही, हवा नाही म्हणून यंत्र बंद, आणि यंत्र बंद पडताच कंपनी पाण्याचा कांगावा करते. इतकी सुबक साखळी मला पूर्वी कधी मिळाली नव्हती.

"पाणी, चहा, ताक, काही सांडलं होतं?"

"शपथ अण्णा, काही काही सांडलं नाही."

"मग मी यांना ग्राहक मंचात उभं करतो."

मेधाचा चेहरा मात्र उजळला नाही. "ते नंतर बघू," ती म्हणाली. "आधी हे चालू व्हायला पाहिजे. अप्पांनी सांगितलंय, अण्णांकडे ने, का बंद पडलं ते त्यांच्याकडून विचारून घे. ते काय सांगतात त्यावर हा डबा घरात राहतो की नाही ते मी ठरवणार, म्हणाले. नाही राहिला तर लोकांची कामं परत करायची आणि हा नाद पुरे."

अप्पांनी मला पंच नेमले होते, तेही मला न विचारता. कायद्याच्या दृष्टीने ही नेमणूक सदोष होती, पण मला ती मनातून आवडली.

डोळ्यांनी आत पाहिल्याशिवाय नोटीस पाठवायची नाही, हा माझा नियम. दुसऱ्या दिवशी मी लोंबणारा पाय सोलून काढला. पायाखाली स्क्रू दडवलेला असतो, हेही कंपनीचे एक कारस्थान. तो स्क्रू गंजलेला होता. कवच उघडले आणि एक वास आला. पंख्याची पाती चिकट झाली होती. जाळीच्या कोपऱ्यात काहीतरी पांढुरके अडकले होते. चिमट्याने ते बाहेर काढले, भिंगाखाली धरले आणि माझी सुबक साखळी माझ्या डोळ्यांदेखत तुटली.

ती लिंबाची बी होती.

मी मेधाला बोलावून घेतले. बशीतली बी पाहताच ती स्टुलावर बसली.

"काही सांडलं नव्हतं म्हणालात."

"सांडलं नव्हतंच की," ती हळूच म्हणाली, आणि मग तिने सांगितले.

खंडेनवमीला त्यांच्या घरी धंद्याच्या सगळ्या हत्यारांची पूजा होते. कापड मोजायचा गज, कात्री, शिलाई मशीन आणि माल पोचवायची गाडी. आपल्या या भागात गाडीच्या चारी चाकांखाली लिंबे ठेवतात आणि गाडी पुढे घेऊन ती चिरडतात, दृष्ट जाते. त्या सकाळी सगळी मांडामांड झाल्यावर अप्पांनी स्वतःहून हाक मारली, "मेधा, तुझं मशीन आण." डब्याचे मशीन झाले होते आणि मशीन तिचे झाले होते. तिने ते चालू होते तसेच धावत आणले. अप्पांनी त्याला कुंकू लावले, फूल वाहिले आणि चारी पायांखाली चार लिंबे ठेवली. आता गाडी पुढे जाते, लॅपटॉप जात नाही. तेव्हा अप्पांनी देवीचे नाव घेऊन त्यावर दोन्ही हात ठेवले आणि सगळा भार टाकला.

"आणि तुम्ही पाहत राहिलात?"

"काय करू अण्णा? इतक्या हौसेनं करायले होते. माझ्या कामाला त्यांनी पहिल्यांदा काम म्हटलं. त्या वेळी लिंबू काढा म्हणू?"



मग ती मूळ मुद्द्यावर आली. "अण्णा, त्यांच्या हातानं बिघडलं असं सांगू नका. त्यांना फार लागेल. पुन्हा ते ह्याच्याकडे बघणार नाहीत आणि मलाही बघू देणार नाहीत. कंपनीचा मालच वाईट निघाला म्हणा की."

"म्हणजे मी त्या कंपनीवर खोटा आरोप करू?"

"तुम्ही रोज करताच की."

"मी खरे आरोप करतो!"

आतल्या दारातून नलिनी म्हणाली, "अहो, एकदा खोटा करून बघा. कदाचित त्याला उत्तर येईल."

मी यंत्र स्वच्छ केले. स्पिरिट, मऊ ब्रश, पुन्हा स्पिरिट. पंखा बदलला, गंजके स्क्रू बदलले आणि टाचेच्या रबराचे चार नवे पाय बसवले. ते काम मी किती मन लावून केले हे माझे मलाच माहीत, कारण हात चालू असताना डोके दुसऱ्याच खटल्यात होते. मी एक शब्द बोललो असतो तर एका मुलीचे काम टिकले असते, आणि तो शब्द ज्या कंपनीविरुद्ध जाणार होता तिच्याबद्दल मला तिळमात्र सहानुभूती नव्हती. नुसते 'कंपनीचा दोष' म्हणायचे. माझी जीभ त्या शब्दांना इतकी सरावलेली होती, की न ठरवताही ते बाहेर पडले असते. पण पुरावा बशीत होता.

ठरल्या दिवशी अप्पा आले. धोतर, काळी टोपी, हातात छत्री. मागे मेधा. मी यंत्र चालू केले आणि ते चालू राहिले. अप्पांनी त्याच्याकडे एकदाच पाहिले.

"चालू झालं ते बघितलं," ते म्हणाले. "हेळ्री अण्णा, एन्‌ आगित्तु? काय झालं होतं त्याला?"

मेधा भिंतीवरचे कॅलेंडर वाचू लागली. मी बशी पुढे सरकवली.

"हे काय?"

"लिंबाची बी."

"मशीनच्या आत?"

"आत. अप्पा, गाडी लिंबावरून पुढे निघून जाते. रस रस्त्यावर राहतो. हे यंत्र लिंबावरच बसून राहिलं, आणि ह्याचं नाक खालच्या बाजूला आहे. सगळा रस त्यानं आत ओढला. पायही त्यामुळेच सुटले."

अप्पांनी बशी उचलून बी उजेडात धरली.  मेधाने कॅलेंडरचे पान उलटले आणि पुढचा महिना वाचू लागली.

"म्हणजे मशीनमध्ये खोट नाही?" त्यांनी विचारले.

"नाही."

"हिच्या हातून काही झालं नाही?"

"नाही."

"आणि," त्यांनी आवाज खाली आणला, "देवीचा काही कोप?"

"देवीविरुद्ध माझ्याकडे कोणताही पुरावा नाही."

अप्पांनी टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. इतक्या मोकळेपणाने सोडलेला श्वास मी माझ्या दुकानात पूर्वी ऐकला नव्हता. "आमची अक्का आहे ना, माझी थोरली बहीण," ते म्हणाले, "तिनं त्याच दिवशी सांगितलं, देवीनं हे मशीन घेतलं नाही. पूजेत ठेवलं आणि मेलं. तेव्हापासून मला जेवण गोड लागेना. सुनेचं काम देवीला नको, असं तिला कुठल्या तोंडानं सांगू? तुम्ही मालच वाईट म्हणाला असता, तर अक्काचंच खरं झालं असतं. वाईट वस्तू म्हणून देवीनं ढकलली, म्हणाली असती."

मेधाने कॅलेंडर सोडून माझ्याकडे पाहिले. मी छताच्या पंख्याकडे पाहिले.

"माझा हात जड झाला, एवढंच ना?" अप्पा म्हणाले. "ते घरी सांगता येतं. पन्नास माणसांपुढे सांगता येतं. चल ग, घे तुझं मशीन." मग उठता उठता ते थबकले. "पण अण्णा, नोटीस जायलाच पाहिजे हं. त्यांच्या माहितीपुस्तकात लिंबाचं काही लिहिलंय?"

मी ते पुस्तक काढले. आम्ही दोघांनी ते संपूर्ण वाचले. पाणी, चहा, पाऊस, धूळ, चुंबक, लहान मुले, सगळे होते. लिंबू नव्हते.

"बघा!" अप्पा म्हणाले. "कर्नाटकात विकायचं आणि लिंबाचं सांगायचं नाही?"

मी कबूल करतो, की युक्तिवादात दम होता. माझा हात लेखणीकडे गेलाही. पण मेधाने "अप्पा, चला आता" असे अशा स्वरात म्हटले, की आम्ही दोघा पक्षकारांनी दावा तिथेच मागे घेतला.

आता लॅपटॉपच्या खाली चार पायांऐवजी एक लांब पट्टी असते. ती निघाली की लोक यंत्रच बदलतात. माझे दुकान बंद झाले, रबर कापायचा पंच कुठल्या डब्यात आहे ते नलिनीलाही सांगता येत नाही, आणि पाय सुटे मिळावेत ही मागणी अद्याप 'योग्य विभागात' पडून आहे. एखादा तरी पाय, रीतसर, पावतीसह, त्या काउंटरवरून मिळालेला मला पाहायचा होता. ते राहून गेले याची खंत आहे. ती मी येथे नोंदवून ठेवतो.

त्या प्रकरणानंतरच्या खंडेनवमीला अप्पांनी मला आणि नलिनीला पूजेला बोलावले. गाड्या दारात धुऊन उभ्या होत्या. आत चौरंगावर गज, कात्री आणि मधोमध लॅपटॉप. थोरल्या अक्का खुर्चीवर बसून सर्व बारकाईने पाहत होत्या. कुंकवाचा करंडा अप्पांच्या हातात होता. त्यांनी तो मेधापुढे धरला.

"ज्याचं हत्यार त्यानं पूजावं," ते म्हणाले. "माझा हात जड आहे."

मेधाने बोटाच्या टोकाने लॅपटॉपला कुंकू लावले, फूल वाहिले आणि नमस्कार केला.  अक्कांनी आपल्याजवळचे एक फूल पुढे केले, तेही तिने वाहिले. उरले लिंबू. अप्पांनी ते यंत्रावरून दुरूनच ओवाळले, घेऊन उंबरठ्याबाहेर गेले, रस्त्याच्या कडेला ठेवले आणि तिथूनच मला हाक मारली.

"अण्णा, एवढं अंतर कायद्यानं पुरे?"

मी दारात जाऊन अंदाज घेतला.

"आणखी दोन पावलं," मी म्हणालो.

अप्पांनी लिंबू उचलले आणि दोन पावले पुढे नेऊन ठेवले.